गुणाबाईची नववी बरणी

पनवेलात घरोघर पुस्तकं पोचवणारी गुणाबाई कोळी "हे घ्या, तुमच्यासाठीच ठेवलंय" म्हणाली की लोक मुकाट्याने पुस्तक घेत. उगाच नाही घेत. नऊ वर्षांत तिचा अंदाज क्वचितच चुकला होता. लाईन आळीतल्या रमावहिनींना सासूसुनेचं भांडण कितीही लांबलेलं चालतं, पण शेवटी समेट हवा. टपाल नाक्याजवळच्या मेडिकलवाल्या कुंदनला पहिला खून दहा पानांच्या आत पडायला लागतो. निवृत्त ओव्हरसियर दातारांना युद्धाच्या पुस्तकात नकाशा नसला तर ते पुस्तक तिच्या अंगावर टाकायला कमी करत नाहीत. हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं, कुठे लिहून ठेवायची गरज नव्हती.

बुधवार आणि शनिवार हे तिचे फेरीचे दिवस. दोन खांद्यांना दोन कापडी पिशव्या, डोक्याला घट्ट अंबाडा, पायात पोराने टाकून दिलेले बूट. दारात उभी राहून ती एका दमात पुस्तकाचा सगळा गुणदोष सांगायची. सुरुवातीला जरा सुकं हाय, पण मधे चांगलं भरलंय, शेवट मात्र काटेरी, जपून घ्या. लोकांना वाटे, काय बाईचं वाचन आहे! लोकरंजन वाचनालयाचे सेक्रेटरी टिपणीस तर पाहुण्यांना अभिमानाने सांगत की आमची गुणाबाई कपाटातली निम्मी पुस्तकं वाचून बसली आहे.

आणि गुणाबाईने जन्मात एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

तिला अक्षरं येत होती, नाही असं नाही. दुकानाची पाटी, पुस्तकाच्या पाठीवरचं नाव, सभासदाचा नंबर, एवढं ती अक्षराला अक्षर जोडून वाचायची. पण ओळीमागून ओळ आली की ती पुस्तक मिटून टाकायची. मग तिला पुस्तकं कळायची कशी? कानाने. एका घरी पुस्तक परत घेताना ती विचारायची, कसं वाटलं? घरचं माणूस बोलायचं, ती ऐकायची, आणि ते सगळं चार गल्ल्या पलीकडे दुसऱ्या दारात स्वतःचं म्हणून सांगायची. शिवाय ह्या वाचनालयाची एक जुनी पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पानं चिकटवलेली असत आणि वाचून झाल्यावर सभासदाने त्यावर आपला नंबर घालून अभिप्राय लिहायचा. परत आलेल्या पुस्तकांतले ते अभिप्राय दर सोमवारी टिपणीस मोठ्याने वाचत, आणि गुणाबाई झाडू मारता मारता कान टवकारून ऐकत असे. झाडू मारायला तिला सोमवारी दुप्पट वेळ का लागतो, हे कुणी कधी विचारलं नाही.

ही हुशारी तिने काही वाचनालयात कमावलेली नव्हती. गुणाबाई उरणच्या बाजूच्या खाडीकाठच्या एका गावातली. आईमागून मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरली, लग्नानंतर पनवेलात आली तरी पाटी सुटली नाही. कुणाच्या घरी बोंबील, कुणाला काट्याचं चालत नाही, कुणाकडे श्रावणात दारावरून नुसतं हसून पुढे जायचं, हे तिला पाठ. गुडघ्याने पाटी झेपेना तेव्हा तिच्याकडून वीस वर्षं पापलेट घेणाऱ्या टिपणिसांनीच तिला वाचनालयात आणलं. पिशवी पाटीपेक्षा हलकी होती आणि गिऱ्हाईक तेच होतं.

शाळेचं विचाराल तर ती तिसरीत सुटली. कशी सुटली, ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

झालं होतं असं. तिच्या शाळेत परदेशी मास्तर म्हणून नवे, तरणेबांड, करड्या शिस्तीचे शिक्षक आले होते. वर्गात गलका झाला की ते टेबलावर फुटपट्टी दोनदा आपटायचे. दोनच. लगेच वर्ग गप्प. गुणीला वाचन जमत नसे, पण तिचा थोरला भाऊ घरी ओरडून धडे वाचायचा, ते ऐकून तिला सगळं पुस्तक तोंडपाठ झालं होतं. एके दिवशी मास्तरांनी तिला उभं केलं. शेजारणीचं पुस्तक तिने झटकन उचललं आणि घडाघडा म्हणायला लागली, एकही चूक नाही. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पुस्तक उलटं धरलंयस." सगळा वर्ग खदाखदा हसला. गुणी फुटपट्टीची वाट बघत उभी राहिली. पण त्या दिवशी फुटपट्टी वाजलीच नाही, कारण मास्तरही हसत होते. दुसऱ्या दिवशीपासून ती आईबरोबर पाटी घेऊन निघाली.

आणि नशिबाचा खेळ बघा. पेन्शन घेऊन पनवेलात वडाळे तळ्याजवळ राहायला आलेले परदेशी मास्तर तिच्याच फेरीत पडले. सभासद नंबर एकशे बारा. वय सत्तरीपार, बायको गेलेली, मुलगा पुण्याला. त्यांनी तिला ओळखलं नाही, कसे ओळखणार? तिने मात्र पहिल्याच दिवशी आवाजावरून ओळखलं आणि साठीला आलेली ती बाई दारातून दोन पावलं मागे सरली. इतर घरी ती पाणी पिऊन, गप्पा मारून निघायची. मास्तरांकडे खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवायचं, जुनं उचलायचं की चालू पडायचं. त्यांना कधी पुस्तकाचा गुणदोष सांगायच्या भानगडीत ती पडली नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर दोन हजार दहा साली ‘बारा बरण्या’ नावाची कादंबरी आली.

नऊशे बारा पानं! टिपणिसांनी ती आधी उरण नाक्याच्या बाइंडरकडे पाठवली, कारण ह्या वाचनालयात नवं पुस्तक मजबूत बांधून घेतल्याशिवाय बाहेर जात नाही. कादंबरी होती भयाची. एका गावात लोणची घालणारी एक म्हातारी असते. एका उन्हाळ्यात गावातली बारा मुलं तिला आपापली भीती सांगतात आणि ती प्रत्येकाची भीती एकेका बरणीत भरून वर फडकं बांधते. मुलं निर्भय होतात, मोठी होतात, गाव सोडतात. चाळीस वर्षांनी म्हातारी मरते, घर विकलं जातं, आणि नवा मालक माळ्यावरच्या बरण्या एकेक करून उघडायला लागतो. बस, एवढंच. पण पनवेलच्या वाचकांना त्या पुस्तकाने सहा महिने घोळात घेतलं.

रमावहिनींनी पहिली पन्नास पानं वाचली आणि रात्री पुस्तक तांदळाच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं, झाकणावर पाटा ठेवला. शनिवारी त्यांनी ते परत दिलं, पुन्हा आणू नकोस म्हणाल्या, आणि पुढच्या शनिवारी विचारलं, ते कुणाकडे आहे गं सध्या? शेवटी परत नेऊन पुरं वाचलंच. कुंदन म्हणाला की यात घाबरण्यासारखं काय आहे, नुसता कंटाळा, तीनशे पानं झाली तरी एक मुडदा नाही. त्याची बायको मात्र जिन्यापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, तिसरी बरणी वाचल्यापासून ह्यांना बाथरूमला जाताना दार थोडं उघडं ठेवायला लागतं. नवीन पनवेलात अकराव्या मजल्यावर राहणारी, बँकेत काम करणारी मोनाली तर दारातच डोळे पुसायला लागली. तिच्या मते ही भयकथा नव्हतीच, लेकरांचं ऐकायला आईबापांना वेळ नव्हता म्हणून ती म्हातारीकडे गेली, हे दुःख कुणाला दिसतच नाही. ते पुस्तक वाचल्यापासून ती रोज नगरला आईला फोन करत होती. दातारांनी कोणती चारशे पानं कापायला हवीत त्याची यादीच केली.

अभिप्रायाच्या पानावर तर कडाक्याचं भांडण जुंपलं. एकाने लिहिलं, हे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये. त्याखाली दुसऱ्या नंबराने लिहिलं, मोठ्यांच्याही. त्याखाली तिसऱ्याने, मग बायंडिंग कुणासाठी केलं? टिपणिसांना सोमवारी हे वाचताना हसू आवरेना.

हसू येत नव्हतं ते गुणाबाईला. तिचा सगळा धंदा कानावर, आणि इथे प्रत्येक घर वेगळंच पुस्तक सांगत होतं. मोनालीचं दुःख तिने दातारांना सांगितलं तर दातारांनी तिला वेड्यात काढलं. कुंदनचा कंटाळा रमावहिनींपाशी बोलली तर त्या म्हणाल्या, अगं तू नीट वाचलंयस ना? नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न विचारला होता. गुणाबाई काहीतरी पुटपुटली आणि पायऱ्या उतरली. 

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पुस्तकातली बत्तीस पानं उलटी होती. बाइंडरने पानांची एक अख्खी जुडी डोकं खाली करून शिवली होती. नवव्या बरणीचं सगळं प्रकरण त्या जुडीत होतं, त्यामुळे ते वाचायला पुस्तक उलटं धरावं लागे. रमावहिनींना तो अपशकुन वाटला. दातारांनी दारातच बाइंडरचा उद्धार केला. मोनालीला वाटलं, नवव्या बरणीत घर उलटंपालटं होतं म्हणून लेखकाने मुद्दामच तसं छापलं, आणि तिने अभिप्रायात लिहून टाकलं की नवव्या प्रकरणातला प्रयोग थक्क करणारा आहे. टिपणिसांनी तेही मोठ्याने वाचलं आणि मान डोलावली. गुणाबाई गप्प राहिली. उलट्या पानांची तक्रार केली असती तर पुस्तक पुन्हा दोन महिने बाइंडरकडे पडलं असतं, आणि रांगेतल्या चाळीस लोकांनी तिला खाल्लं असतं.

आता टिपणिसांची हौस आडवी आली. वाचनालयाचा वर्धापनदिन पाच आठवड्यांवर होता. त्यांनी ठरवलं की यंदा व्याख्यान नको, ‘बारा बरण्या’वरच कार्यक्रम करू. तीन वाचक बोलतील, आणि आधी आपली गुणाबाई एक प्रकरण वाचून दाखवेल. सगळ्यांची लाडकी, सगळ्यात मोठी वाचक! त्यांनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, नववी बरणी आकाराने बेताची दिसली, ती नक्की केली. पुस्तक तिच्या हातात देऊन म्हणाले की पाच आठवडे हे कुणाला देऊ नका, घरी नेऊन तयारी करा. कार्यकारिणीतले लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत गुणाबाईच्या तोंडून "बरं" निघून गेलं.

घरी येऊन तिने पुस्तक उघडलं. पहिली ओळ वाचायला तिला भात शिजेपर्यंत वेळ लागला. नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार. एकदा हे कळलं की रमावहिनींपासून मोनालीपर्यंत सगळी माणसं नऊ वर्षांचा हिशेब मनात लावणार, आणि मग तिच्या "हे घ्या"ला कोण विचारतो? नोकरी टिपणिसांनी काढली नसती, ते भले गृहस्थ. पण ज्या दारांत ती ऐटीत उभी राहत होती, त्या दारांत मान खाली घालून उभं राहणं तिला जमणार नव्हतं. पोराला सांगायचं तर तोही मित्रांना सांगत फिरे की माझी आई लायब्ररीत आहे.

त्या पेचात तिला सोमवारचा एक अभिप्राय आठवला. टिपणिसांच्या हाती पुस्तक पडलं, त्याच्या आधी शेवटचा वाचक होता सभासद एकशे बारा, परदेशी मास्तर. त्यांचा अभिप्राय टिपणिसांनी आदराने वाचला होता: "कथानक भंपक. भाषा बरी. मुद्रण व बांधणी निर्दोष." ते शब्द मास्तर प्रत्येक पुस्तकावर लिहीत, फक्त भंपकच्या जागी कधी ठीक, कधी सुमार येई. टिपणिसांना त्यात काही वावगं दिसलं नाही. गुणाबाईचा झाडू मात्र तेव्हा थांबला होता. बत्तीस पानं उलटी आणि बांधणी निर्दोष? शुद्धलेखनाच्या चुकीवरून पोरांचे कान पिळणारा हा माणूस एवढं सोडून देईल? तिने ते पान पुन्हा काढून पाहिलं. मास्तरांचं वळणदार अक्षर सरळ ओळ सोडून पार खाली उतरलं होतं.

दोन दिवस ती विचार करत राहिली. बुधवारी सकाळी दहाला ती तळ्याकाठी गेली, आणि खिडकीशी न थांबता पहिल्यांदाच मास्तरांच्या घरात शिरली.  मास्तर खुर्चीत पुस्तक घेऊन बसले होते. तिने ‘बारा बरण्या’ नवव्या बरणीशी उघडून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं की या पानावर काय लिहिलंय ते जरा सांगा. मास्तरांनी पान जवळ धरलं, लांब धरलं. उजेड कमी आहे म्हणाले. चष्मा बदलला पाहिजे म्हणाले. शेवटी म्हणाले की हे मी वाचलंय, ठेवा तिकडे.

"पान उलटं हाय, मास्तर," गुणाबाई म्हणाली. "बत्तीसच्या बत्तीस."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून नजर मधोमध गेली होती. कडेकडेचं दिसे, चालता येई, पण जिथे बघावं तिथेच काळा ठिपका. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलाला कळलं असतं तर त्याने घर बंद करून त्यांना पुण्याला नेलं असतं, आणि मास्तरांना पनवेल सोडायचं नव्हतं. म्हणून दर आठवड्याला पुस्तक घ्यायचं, मांडीवर ठेवायचं, आणि अंदाजाने चार शब्द लिहून परत करायचं. त्यांनी विचारलं की तुम्ही हे कुणाला सांगणार आहात का.

"मी कुनाला सांगू? मलाच वाचता येत नाय."

मग मास्तरांना हसू आलं, आणि ते बघून गुणाबाईलाही आलं. मोठे लबाड दोघं! एक न वाचता अभिप्राय लिहितो आणि दुसरी न वाचता तो गावभर पोचवते.

तिथेच त्यांचं ठरलं. रोज दहाला तिने यायचं आणि वाचायचं, अडलं की मास्तरांनी सांगायचं. पण सांगणार कसं, त्यांना तर दिसत नाही! मग गुणाबाई अक्षराचं वर्णन करायची. पहिल्याच दिवशी, नवव्या बरणीच्या पहिल्याच पानावर, ती "निःश्वास" या शब्दाला धडकली. न ला पहिली हाय, म्हणाली, मग दोन टिंबं, मग अर्धा श, त्याच्या पोटात काहीतरी गोल हाय. मास्तर डोळे मिटून ते जुळवायचे आणि शब्द सांगायचे. एका पानाला तास लागला. मास्तरांनी पुस्तकाला भंपक म्हणून घेतलं. चौथ्या दिवशी तेच म्हणाले की तुम्ही म्हणालात त्या झुरळांच्या तिसऱ्या बरणीचं काय झालं, तेही वाचा बरं. त्यांना लहानपणी झुरळाची भीती वाटायची, आणि आता दिसत नाही म्हणून जास्तच वाटते, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं.

पण खरी अडचण नवव्या बरणीतच पुढे होती. त्या बरणीत एका मुलीची भीती होती, लोक आपल्याला हसतील याची. बरणी उघडते तेव्हा आतून नुसतं हसणं बाहेर येतं, घरभर भरतं, घर उलटंपालटं होतं. ते वाचता वाचता गुणाबाई एका जागी थांबली. मास्तर म्हणाले, पुढे. ती वाचेना. मग तिने पुस्तक मिटलं आणि पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बोलून टाकलं: ती शाळा, ती तिसरी, शेजारणीचं पुस्तक, तो वर्ग, आणि न वाजलेली फुटपट्टी.

मास्तर पुष्कळ वेळ आठवत राहिले. शेवटी म्हणाले, "मला आठवत नाही, बाई."

गुणाबाई उठली आणि निघून आली. राग आला तिला, भयंकर राग आला. ते माफी मागतील, नाहीतर खेकसतील, असं काहीबाही तिने इतकी वर्षं मनात रंगवलं होतं. ज्या गोष्टीने तिचं अख्खं आयुष्य वळवलं, ती ह्या माणसाच्या ध्यानातही राहू नये? त्या दिवशी संध्याकाळी ती जेवली नाही. दोन दिवस तळ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी शनिवारची फेरी आली, जावंच लागलं. मास्तर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पावलं त्यांनी ओळखली.

"आठवत नाही हे खरं आहे," ते म्हणाले. "पण मी हसलो असेन, हेही खरं आहे. तेव्हा मी तसाच होतो." आणि मग अहोजाहो सोडून म्हणाले, "वाच आता. चुकलीस तरी मला कुठे दिसतंय?"

गुणाबाईने पिशव्या खाली ठेवल्या आणि उंबऱ्यावरच बसून वाचायला लागली. त्या दिवशी एका तासात तीन पानं झाली.

वर्धापनदिनाला रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाचा हॉल गच्च भरला. साठ-सत्तर माणसं, त्यांतली पुस्तक वाचलेली किती आणि नुसती बटाटेवड्यासाठी आलेली किती, देव जाणे. टिपणिसांनी प्रास्ताविकात सांगितलं की ही कादंबरी मी स्वतः दोनदा वाचली. मास्तर पहिल्या रांगेत काठी घेऊन बसले होते, मांडीवर रिकामी वही, उगाच. गुणाबाई इस्त्रीचं हिरवं लुगडं नेसून आली होती. तिचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. ती माइकपाशी गेली, नववी बरणी उघडली, आणि वाचता यावं म्हणून पुस्तक उलटं केलं.

कव्हर समोरून सगळ्यांना दिसत होतं. ‘बारा बरण्या’ ही अक्षरं डोक्यावर उभी होती.

टिपणीस खुर्चीतून पुढे झुकले आणि प्रेमाने, पण टेबलावरच्या दुसऱ्या माइकमध्ये म्हणाले, "गुणाबाई, पुस्तक उलटं धरलंय."

हॉल हसला. मागच्या रांगा हसल्या, व्यासपीठावरची कार्यकारिणी हसली, दोनदा वाचलेले टिपणीस सगळ्यांत मोठ्याने हसले. हसले नाहीत ते मोनाली, कुंदन, दातार आणि रमावहिनी. कुणी खरंच वाचलंय आणि कुणी नाही, हे त्या मिनिटात सगळ्या हॉलला दिसण्यासारखं होतं. पण गुणाबाईला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तिला अक्षरंही दिसेनात.  मोनाली उठून "अहो, अहो" म्हणत होती, तिचा आवाज त्या हसण्यात बुडून गेला. गुणाबाईने पुस्तक मिटायला घेतलं. मिटलं असतं तर ती पुन्हा कुठल्याच दारात उभी राहिली नसती.

तेवढ्यात मास्तरांनी शेजारच्या माणसाला विचारलं की ती आता काय करतेय. त्याने सांगितलं.

काठी फरशीवर दोनदा आपटली. दोनच.

सगळा हॉल गप्प झाला. मास्तर उठून उभे राहिले, आणि माइकची गरज नसलेल्या आवाजात म्हणाले, "ती पानं उलटी शिवलेली आहेत. तिने पुस्तक बरोबर धरलंय."

टिपणीस गोंधळून म्हणाले की मास्तर, पण बांधणी निर्दोष असं तुम्हीच लिहिलंत.

"मला दिसत नाही, टिपणीस. दोन वर्षं झाली. कळवा माझ्या मुलाला, कळवायचं असेल तर. ही वाचते, मी ऐकतो." मग त्यांनी माइकच्या दिशेने, जरा चुकीच्याच दिशेने, तोंड वळवलं. "वाच गं गुणे. वर्ग गप्प बसलाय."

गुणाबाईने डोळे पुसले, पुस्तक होतं तसंच उलटं धरलं, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. "निःश्वास" आला तेव्हा ती अडखळली, थांबली, आणि कुणालाही न विचारता पुढे गेली.